तबकडीवर काय लिहिलंय ते आधी वाचा

मागच्या अंकात रेकॉर्ड आणि कॅसेट सांभाळण्याविषयी थोडं लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की माझ्या वडिलांचं पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळ रेडिओ-ग्रामोफोन दुरुस्तीचं दुकान होतं. साउंड बॉक्स (सुई बसवलेला, आवाज उमटवणारा भाग) उघडणं, मोटरची स्प्रिंग बदलणं मी तिथेच शिकले आणि आजही घरी ते काम करते. माझा संग्रह मुख्यतः नाट्यसंगीताच्या आणि ख्यालाच्या जुन्या रेकॉर्डचा आहे. फोनवर मीही रोज गाणं ऐकते. पण फोनवरच्या गाण्याबद्दल मला जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं बहुतेक वेळा कपाटातल्या रेकॉर्डवरच सापडतात.

गावाकडचं घर विकायला काढलं आहे. माळ्यावर आजोबांच्या रेकॉर्डच्या दोन ट्रंका निघाल्या. भाऊ म्हणतो, सगळं फोनवर आहे, भंगारवाल्याला देऊन टाकू. मला देववत नाही, पण ठेवून करायचं काय तेही कळत नाही. — एक वाचक, सातारा

देऊ नका. निदान यादी होईपर्यंत तरी ट्रंका घराबाहेर काढू नका.

भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. लताबाई, आशाबाई, भीमसेनजी यांचं गाजलेलं गाणं फोनवर मिळतं, आणि तुमच्या ट्रंकेतलंही बरंचसं तसंच असेल. पण १९३० आणि ४०च्या दशकांत आपल्याकडे एच.एम.व्ही.शिवाय ओडियन, कोलंबिया, ब्रॉडकास्ट, मुंबईची यंग इंडिया, एच.एम.व्ही.चंच स्वस्तातलं ट्विन अशी कितीतरी लेबलं चालत होती. त्यांवर पोवाडे निघाले, कीर्तनं निघाली, लावण्या, नाटकांतले प्रवेश, विनोदी संवाद, देशभक्तीची पदं निघाली. यातल्या काही कंपन्या केव्हाच बंद पडल्या. त्यांचा माल कुणी गोळा करून नेटवर चढवावा, असा वारस उरलेला नाही. अशा रेकॉर्ड आज कुणाच्या तरी माळ्यावरच असतात. आणि जे फोनवर आहे ते उद्या असेलच, याची हमी तरी कोण देतं? २०२४ या एकाच वर्षात रेसो आणि विंक ही दोन संगीत ॲप आपल्याकडे बंद झाली. लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या गाण्यांच्या याद्या त्यांत होत्या.

आता कामाला लागा. आधी रेकॉर्ड हाताला कशा लागतात त्यावरून दोन ढीग करा. जड, कडक, पडली तर कपच्या उडतील अशा त्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. हलक्या आणि किंचित वाकणाऱ्या त्या विनाइलच्या, म्हणजे ३३ फेऱ्यांच्या एल.पी. आणि ४५च्या लहान ई.पी. हे वेगळं करायचं मुख्य कारण सफाई. लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका, कारण त्यात लाख विरघळते आणि ज्यांत आवाज कोरलेला असतो त्या खाचा कायमच्या जातात. ‘रेकॉर्ड क्लीनर’ म्हणून विकत मिळणाऱ्या पुष्कळ द्रवांत अल्कोहोल असतं, म्हणून बाटलीवरचा मजकूर वाचल्याशिवाय काही लावू नका. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, खाचेच्या दिशेने गोल हात, आणि मधलं लेबल कोरडं ठेवायचं. लगेच टिपून सावलीत उभी करा. ठेवतानाही सगळ्या उभ्याच ठेवा. एकावर एक आडव्या रचल्या, तर खालच्या वाकतात नाहीतर तडकतात.

मग वही घ्या आणि प्रत्येक रेकॉर्डची नोंद करा. कंपनी, रेकॉर्ड नंबर, गायक, पद, नाटक किंवा चित्रपट, साथीदार, सगळं. शिवाय लेबलच्या भोवती जी गुळगुळीत जागा असते, ती उजेडात तिरकी धरून बघा. तिथे कोरलेला एक आकडा दिसेल. तो मॅट्रिक्स नंबर. रेकॉर्ड नंबर दुकानदारासाठी असायचा, मॅट्रिक्स नंबर त्या ध्वनिमुद्रणाचा असतो. एकच पद गायकाने दोनदा मुद्रित केलं असेल, तर लेबलवर सगळं सारखं असूनही इथला आकडा वेगळा निघतो. संग्राहकाचा जीव या आकड्यात अडकलेला असतो, आणि फोनवर तो कुठेच दिसत नाही.

याने काय फरक पडतो, याचं घराघरातलं उदाहरण म्हणजे गीतरामायण. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते वर्षभर प्रसारित झालं, तेव्हा ५६ गीतं वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. त्यांत माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, लता मंगेशकर होत्या. पुढे एच.एम.व्ही.ने दहा एल.पी.चा संच काढला, तो सगळाच्या सगळा सुधीर फडके यांच्या आवाजातला. आज ‘गीतरामायण’ म्हटलं की बहुतेकांच्या कानात हा संच असतो. तो अजरामर आहेच. पण ज्या पिढीने शुक्रवारी सकाळी रेडिओभोवती बसून ते ऐकलं, तिने ऐकलेले कितीतरी आवाज निराळे होते. तेव्हा ‘आहे की फोनवर’ असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारावं, कोणतं?

किमतीचं थोडक्यात सांगते, कारण पुढचं पत्र तेच विचारणारं असेल. गाजलेल्या हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्ड प्रचंड खपल्या होत्या, म्हणून त्यांना फारसा भाव येत नाही. ज्या रेकॉर्डवरचं नाव तुम्ही कधीच ऐकलेलं नाही, ती विकण्यापूर्वी दोनदा विचार करा. आणि वाजवून बघायचंच असेल, तर ७८च्या रेकॉर्डसाठी वेगळी सुई लागते. एल.पी.ची सुई टोकाला साधारण २५ मायक्रॉन असते, ७८च्या खाचेला तिच्या जवळजवळ तिप्पट रुंद लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही. ‘रेकॉर्ड खराब आहे’ म्हणून टाकून दिलेल्या कितीतरी तबकड्या योग्य सुईवर स्वच्छ गातात.

मी गाणं शिकते. गुरुजींनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या रेकॉर्ड ऐकायला सांगितल्या आहेत. एकच रेकॉर्ड मला नेटवर दोन ठिकाणी मिळाली, पण दोन्हींच्या पट्टीत जवळजवळ अर्ध्या सुराचा फरक आहे. हार्मोनियमवर तर दोन्ही धड बसत नाहीत. तानपुरा कशाशी जुळवू? — विद्यार्थिनी, कोल्हापूर

तू वयाने लहान आहेस, म्हणून तुला ‘तू’च म्हणते. असे प्रश्न यावेत म्हणूनच मी हे सदर लिहिते.

फरक खाँसाहेबांच्या गळ्यातला नाही, रेकॉर्ड फिरवण्याच्या वेगातला आहे. आपण सरसकट ‘७८ची रेकॉर्ड’ म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात कंपन्यांचा एकच ठरलेला वेग नव्हता. कुठे सत्तरीच्या जरा वर, तर कुठे ऐंशीच्याही पुढे. १९२५नंतर विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि त्या दशकाच्या अखेरीस ७८ स्थिरावलं. खाँसाहेबांच्या रेकॉर्ड १९०५च्या सुमाराच्याही आहेत आणि १९३०च्या दशकातल्याही. दोन्हींना एकच वेग लावला तर चुकणारच.

हिशेब सोपा आहे. ७८ऐवजी साडेब्याऐंशीच्या जरा वर फेऱ्या केल्या, की पूर्ण अर्धा सूर चढतो. म्हणजे काळी एकची पांढरी दोन होते. नुसती पट्टी चढत नाही, लय वाढते, मींडेचा, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा, वेळ आखडतो, आंदोलनं, म्हणजे सुराचे झोके, घाईची होतात आणि ‘आ’कार पातळ, नाकात गेल्यासारखा लागतो. खाँसाहेबांचा आवाज मुळात उंच आणि नाजूक. तो आणखी चढवला की ऐकणाऱ्याला वाटतं, ते असंच गात असतील. मग शिष्य ते उचलायला जातो आणि घशाला त्रास करून घेतो.

नेटवर चढवणाऱ्याने रेकॉर्ड एका वेगावर फिरवली, कोणत्या ते लिहिलं नाही, आणि तिथे विषय संपला. प्रत्यक्ष रेकॉर्ड हातात असेल, तर तो निर्णय पुन्हा घेता येतो. मी काय करते ते सांगते. मॅट्रिक्स नंबरवरून साल काढते. दुसरी बाजू ऐकते, कारण दोन्ही बाजू पुष्कळदा एकाच बैठकीतल्या असतात आणि साथीचा पेटीचा सूर तोच असतो. त्याच गायकाच्या नंतरच्या, वेग ठरून गेल्यानंतरच्या रेकॉर्डशी आवाजाचा पोत ताडून बघते. सर्वांत जास्त उपयोग होतो तो बोललेल्या आवाजाचा. अगदी जुन्या रेकॉर्डवर गाणं संपल्यावर गायक स्वतःचं नाव सांगतात. १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित केलं, तिच्या रेकॉर्डवरची इंग्रजीतली ‘माय नेम इज गौहरजान’ ही घोषणा प्रसिद्धच आहे. तेव्हा मूळ मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरला जात, रेकॉर्ड तिथे छापल्या जात, आणि तिथल्या कामगारांना कुणाचं गाणं ते कळावं म्हणून ही नावं सांगितली जात. आज ती घोषणा आपल्या कामाची आहे. गाताना आवाज किती उंच असावा याचा अंदाज चुकू शकतो, पण बोलणारं माणूस माणसासारखं वाटतं की नाही, हे कानाला लगेच कळतं. नेटवरच्या काही प्रतींत हा शेवट कापून टाकलेला असतो. मला त्याचं फार वाईट वाटतं.

तुझ्यापुरतं सांगायचं, तर दोन प्रतींपैकी जिच्यात श्वास, व्यंजनं आणि मींड सहज वाटते ती घे. संगणकावर वेग थोडा खालीवर करून बघ. मात्र ‘फक्त पट्टी बदला’ हा पर्याय वापरू नकोस. वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र हलली पाहिजेत, कारण रेकॉर्ड फिरताना तसंच होतं. आणि तानपुरा रेकॉर्डशी जुळव, हार्मोनियमशी नको. त्या काळच्या पेट्या आजच्या पट्टीत होत्या असं कुणी सांगितलं? रियाज मात्र स्वतःच्याच पट्टीत कर.

केसरबाई केरकरांची रेकॉर्ड अंतराळात पाठवली आहे असं लहानपणापासून ऐकतो. हे खरं का? ती कोणती? — एक वाचक, पणजी

अगदी खरं. १९७७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली, तांब्याची, बारा इंची रेकॉर्ड बसवली आहे. जगभरच्या संगीतातून जे निवडलं, त्यात भारताचं एकच ध्वनिमुद्रण आहे. गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या.

वरच्या पत्राशी जोडून एक गोष्ट मुद्दाम सांगते. त्या रेकॉर्डबरोबर सुई पाठवली आहे, आणि वरच्या झाकणावर ती कशी वाजवायची याची चित्रं कोरली आहेत. रेकॉर्डचा वेग मिनिटाला १६⅔ फेऱ्या, म्हणजे एका फेरीला ३.६ सेकंद. हा काळ हायड्रोजनच्या अणूतल्या बदलाच्या मापात लिहिला आहे, म्हणजे ज्यांना आपला सेकंद माहीत नाही त्यांनाही केसरबाई बरोबर सुरात ऐकू येतील. इतकी काळजी घेणारी माणसं होती! आपण आपल्या घरातल्या रेकॉर्डच्या फाइलवर निदान ‘७८वर वाजवली’ एवढं तरी लिहावं.

आमच्या घरात २०२१च्या पुराचं पाणी शिरलं. आईने आजीच्या ओव्या आणि मंगळागौरीची गाणी १९८०च्या सुमारास घरच्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवली होती. त्या कॅसेट आता चिखल सुकलेल्या अवस्थेत डब्यात आहेत. काहींवर पांढरी बुरशी आहे. आजी नाही, आईही नाही. काही होईल का? — निवृत्त शिक्षिका, चिपळूण

बाई, होण्यासारखं आहे. तुम्ही त्या टाकल्या नाहीत, हे फार चांगलं केलंत.

पहिली गोष्ट, एकही कॅसेट यंत्रात घालून ‘चालते का’ बघू नका. सुकलेला चिखल कानशीसारखा फितीवर घासेल, आणि बुरशी यंत्राच्या हेडवरून, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावरून, दुसऱ्या कॅसेटला जाईल. टेप म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यावर चुंबकीय लेप. साध्या पाण्याने तो लेप जात नाही. उन्हाने, हेअर ड्रायरने आणि जोरात ओढण्याने मात्र नक्की बिघडतो. म्हणून घाई करू नका.

कॅसेटच्या कोपऱ्यांत आणि मध्ये बारीक स्क्रू असतील, तर ते उघडून दोन्ही चकत्या फितीसकट बाहेर काढायच्या. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवून, पाणी बदलत, चिखल आपोआप सुटू द्यायचा. मग सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यावर पूर्ण वाळवून दुसऱ्या रिकाम्या कवचात बसवायच्या. कवचासाठी स्क्रूची कुठलीही जुनी पण न भिजलेली कॅसेट चालते. तिच्यात फितीमागे स्पंजाची किंवा लोकरीची छोटी गादी असते, ती जागेवर आहे ना ते बघा, नाहीतर आवाज घुमा येतो. कवच चिकटवलेलं असेल तर स्वतः फोडू नका, जाणकाराकडे न्या. बुरशी साफ करताना तोंडाला मास्क बांधा आणि खिडकी उघडी ठेवा. हे सगळं आधी एखाद्या सिनेमाच्या गाण्यांच्या, गेली तरी चालेल अशा कॅसेटवर करून हात बसवा. आजीच्या ओव्या नंतर.

वाजवण्याआधी कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे खुंट मोडलेले नसतील तर मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर काही भरलं जाणार नाही. फीत हाताने किंवा अगदी हळू एकदा पुढेमागे करा. कॅसेट ९० मिनिटांची असेल तर जास्त जपा, तिची फीत ६०च्या कॅसेटपेक्षा पातळ असते. यंत्राचं हेड साफ हवं. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो किंचित फिरवून ‘स’, ‘श’ जिथे सर्वांत स्पष्ट येतील तिथे ठेवायचा. घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या फितीला याने फार फरक पडतो. आणि पहिल्यांदा वाजवतानाच संगणकावर भरून घ्या. दुसऱ्यांदा ती वाजेलच असं धरून चालू नका. फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा, एम.पी.थ्री.मध्ये नको, आणि खरखर काढणारं कुठलंही सॉफ्टवेअर मूळ फाइलवर चालवू नका. प्रती दोन करा, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, उंचावरच्या घरात ठेवा.

तुमच्या पत्रात एक ओळ अशी आहे, की मामेबहिणींना त्यातली काही गाणी येतात. त्यांना याच महिन्यात बोलवा. कोणती ओवी कुणाची, मागे हसतंय ते कोण, जातं कुठल्या घरातलं, हे सगळं विचारून लिहून घ्या. बाजारात निघालेल्या रेकॉर्डच्या हजार प्रती कुठे ना कुठे असतात. तुमच्या कॅसेटची दुसरी प्रत जगात नाही. माझ्याकडे कुणी आपला संग्रह दाखवायला आलं, की मी पहिल्यांदा घरी भरलेल्या कॅसेट आहेत का ते विचारते.

पितळी कर्ण्याचा, कुत्र्याच्या चित्राचा जुना ग्रामोफोन हौसेने घेतला. त्यावर माझ्या एल.पी. वाजवू का? — एक वाचक, ठाणे

नाही! चावीच्या ग्रामोफोनचा साउंड बॉक्स शंभर ग्रॅमच्या वर भार टाकतो, आणि एल.पी.च्या खाचेला दोन-तीन ग्रॅमची सवय. एकदा वाजवली की ती एल.पी. गेलीच. त्यावर फक्त लाखेच्या रेकॉर्ड वाजवायच्या, त्याही ज्यांची दुसरी प्रत आहे अशा, आणि प्रत्येक बाजूला नवी पिन, म्हणजे सुई, लावून. लाखेच्या मिश्रणात दगडाची पूड असते, ती पिनेला घासून खाचेच्या आकाराची करते. तीच पिन पुन्हा लावली तर तिच्या कडा पुढची रेकॉर्ड कापत जातात. ‘पिन तर चांगली दिसते आहे’ म्हणून लोक ती वापरत राहतात आणि संग्रह खराब करतात.

झगझगीत पितळी कर्णा आणि नवंकोरं लाकूड असलं, की मला शंका येते. जुन्या मोटरी नव्या खोक्यात बसवून ‘अँटिक’ म्हणून विकण्याचा धंदा आपल्याकडे जोरात आहे. घरात शोभेला ठेवायला हरकत नाही. ऐकण्यासाठी चांगला टर्नटेबल घ्या.

इथे मराठी मंडळात पुन्हा विनाइलची लाट आली आहे. जुन्या शास्त्रीय संगीताच्या नव्याने छापलेल्या एल.पी. महाग मिळतात. आवाज खरंच चांगला असतो का? की सीडी घेऊ? — एक वाचक, न्यू जर्सी

सीडी घ्या. हे उत्तर अनेकांना आवडणार नाही.

नव्याने छापलेली एल.पी. पुष्कळदा डिजिटल फाइलवरूनच काढलेली असते. मग त्यात सीडीपेक्षा जास्त काय येणार? मोठं कव्हर, सुई ठेवण्याचा आनंद, हे खरं आहे आणि त्यासाठी पैसे देणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण आवाजासाठी घेत असाल, तर त्या काळात टेपवरून छापलेली मूळ एल.पी. शोधा. तिची खाच झिजलेली नसेल तर तिला तोड नाही.

आपल्या संगीताला सीडी फार मानवली, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. ७८च्या दहा इंची बाजूत साडेतीन मिनिटं मिळायची. त्यात बुवा बंदिश मांडून, तानांची आतषबाजी करून मोकळे व्हायचे. ती वेगळीच कला होती आणि मला ती अतिशय प्रिय आहे. एल.पी.ची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांची. राग रंगात आला की उठून बाजू बदला. कॅसेटला तीस-पंचेचाळीस मिनिटं, पण फितीची सरसर. सीडीत चौऱ्याहत्तर मिनिटं सलग. विलंबित ख्याल आपल्या चालीने, न तुटता ऐकू येतो. आज जुन्या बाजारात या सीडी कवडीमोलाने निघतात. मुंबईतलं काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हापासून तर लोकांनी सीडीचं नावच टाकलं. संग्राहकाने घ्यायची वेळ हीच आहे. फक्त दुकानात छापलेल्या सीडी घ्या. घरी कॉपी केलेल्या सीडीवर रंगद्रव्याचा थर असतो, तो उन्हाने आणि वर्षांनी फिका पडतो. अशा सीडी असतील तर आजच संगणकावर उतरवा.

आणि सीडी घ्या म्हणण्याचं माझं सर्वांत मोठं कारण तिच्या पुस्तिकेत आहे. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, सारंगीवर कोण, मागे तानपुऱ्यावर बसून सूर भरणारे शिष्य कोण, हे तिथे लिहिलेलं असतं. तुम्ही फोनवर ख्याल लावता तेव्हा मोठं नाव दिसतं आणि साथीदार गायब होतात. ज्या माणसाने तासभर ठेका धरून मैफल उचलली, त्याचं नावही नसावं? मला याचा राग येतो, आणि तो यावाच असं मला वाटतं.

वडिलांच्या रेकॉर्ड डिजिटल करून नेटवर टाकाव्यात असं मनात आहे. कायद्याने चालेल का? — एक वाचक, नाशिक

दोन हक्क वेगवेगळे बघावे लागतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६०ची रेकॉर्ड असेल तर तो २०२०च्या अखेरीस संपला. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये, त्यामुळे त्यांच्या नाटकांतल्या पदांचे शब्द मोकळे झाले आहेत. गीतरामायणाचे कवी गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७च्या अखेरपर्यंत आहे, आणि बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडके यांच्या, चालींवरचा २०६२च्या अखेरपर्यंत. म्हणजे रेकॉर्ड जुनी असली तरी गाणं मोकळं असेलच असं नाही. घरी स्वतःसाठी प्रत करून ऐका, पण जाहीर करण्याआधी तिन्ही तारखा बघा: रेकॉर्ड निघाल्याची, कवीच्या निधनाची आणि संगीतकाराच्या निधनाची. खासगी मैफिलीची टेप असेल, तर तारखा काहीही असोत, गायकाच्या घरच्यांना आधी विचारा.

टाकाल तेव्हा लेबलचा दोन्ही बाजूंचा फोटो, मॅट्रिक्स नंबर आणि वेग लिहा, आणि शेवटची घोषणा कापू नका. कोल्हापूरच्या मुलीसारखं कुणीतरी ते शोधत असतं.

मी ७४ वर्षांचा आहे. मुलं परदेशात, त्यांना यात रस नाही. माझ्या रेकॉर्ड कुणाला द्याव्यात? — एक वाचक, पुणे

सगळ्या एकाच जागी जाव्यात हा हट्ट सोडा. दुर्मीळ त्या वेगळ्या काढा. मुंबईत १९९०पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ आहे. जुन्या रेकॉर्डच्या याद्या आणि माहिती छापून ठेवण्याचं मोठं काम तिने केलं आहे, त्या मंडळींना यादी दाखवा. घरी भरलेल्या मैफिली, लोकगीतं असतील तर गुरुग्रामच्या ‘आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथनोम्युझिकॉलॉजी’ला लिहा. तिथे अशाच ध्वनिमुद्रणांचा संग्रह जपला जातो. कुणालाही देताना तीन गोष्टी लेखी विचारा. रेकॉर्ड कुठे आणि कशा ठेवणार, त्यांची प्रत काढणार का, आणि बाहेरच्या माणसाला ऐकायला मिळणार का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरीकडे जा.

उरलेल्या, म्हणजे सर्वत्र मिळणाऱ्या रेकॉर्ड जवळपासच्या गाणं शिकणाऱ्या मुलांना द्या, सोबत साधा टर्नटेबलही द्या. यादीची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि कोणती कुणाकडे गेली ते तिच्यात लिहीत जा. तुमच्या पत्रात हिराबाई बडोदेकरांच्या ज्या रेकॉर्डचा उल्लेख आहे, तिचा मॅट्रिक्स नंबर मला कळवा. माझ्याकडे त्याच पदाची रेकॉर्ड आहे. मुद्रण एकच की निराळं, ते ताडून बघू.